डायलचा काळा नेमका किती काळा? जुन्या मोटारींच्या मीटरचं मूळ रूप

मॉरिस मायनर, लँडमास्टर, एमजी, ट्रायम्फ हेराल्ड. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या ब्रिटिश घराण्याच्या कुठल्याही गाडीच्या डॅशबोर्डवर वाकून पाहिलं, तर मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत स्मिथ्स किंवा येगर हे मीटर बनवणाऱ्याचं नाव बहुधा दिसतं. (नावं दोन असली तरी ब्रिटनमधला येगरचा कारभार स्मिथ्सच्याच हाती होता.) फियाटच्या गाड्यांत त्या जागी वेलिया बोर्लेत्ती, जर्मन गाड्यांत व्हीडीओ (VDO), अमेरिकन गाड्यांत स्टुअर्ट-वॉर्नर किंवा एसी (AC) या कंपन्या. इथे मुख्यतः ब्रिटिश मीटरबद्दल लिहिलं आहे. उघडण्या-पुसण्याची पथ्यं मात्र सगळ्यांना सारखीच.

"मीटर ओरिजिनल आहे" असं विकणारा म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा आतली यंत्रणा अभिप्रेत असते. मूळ फिनिश ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही एकसंध नसते. बाहेरून आत जाताना आधी मुलामा दिलेली कडी लागते, मग काच, काचेखालची काळी आतली कडी, मग काटा, तबकडीवर छापलेले आकडे, आकड्यांखालचा काळा रंग, आणि सगळ्यात शेवटी डब्याच्या आतला पांढरा रंग. यातला एक थर बदलला तरी मीटर डोळ्यांना खटकतो आणि का खटकतो ते चटकन सांगता येत नाही. नव्या रंगकामानंतर "छान झालंय, पण काहीतरी चुकतंय" असं वाटतं ते यामुळेच.

आकडे पुसू नका

तबकडी म्हणजे पातळ पत्रा, त्यावर काळ्या रंगाचा पातळ थर आणि त्या रंगावर छापलेले पांढरे आकडे. आकड्यांवर संरक्षणासाठी काहीही नसतं, कारण ते काम काचेचं. साठ वर्षांत शाईतला चिकट अंश सुकून ठिसूळ होतो आणि आकडे रंगावर जेमतेम टेकलेले उरतात. अशा तबकडीवर पेट्रोल, थिनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे लागला, की आकडा कापसावर येतो. बोट ओलं करून पुसायची सवयही इथे घातक.

स्वच्छतेचा क्रम असा ठेवावा. आधी कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी फुगा वापरून धूळ उडवायची. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल आणि पाण्याचे कण असतात आणि जोराने काटाही वाकतो. मग मऊ केसांचा ब्रश, मधून कडेकडे. एवढ्याने भागत नसेल तरच पेलाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात बुडवून जवळजवळ कोरडा पिळलेला कापसाचा बोळा. तो घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा. कापसावर काळं किंवा पांढरं दिसलं की तिथेच थांबायचं.

ही परीक्षा करायची जागाही ठरलेली आहे. तबकडीच्या कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कडीखाली झाकलेली असते. तिथे ऊन पोचलेलं नसतं, हात लागलेला नसतो. मूळ काळा किती काळा होता, त्याची चमक किती होती, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्या पट्टीवर असतो. मीटर उघडल्या उघडल्या, काहीही करण्याआधी, दिवसाच्या उजेडात तिचा फोटो काढून ठेवावा.

पुष्कळ तबकड्यांवर खालच्या बाजूला तपकिरी ओघळ दिसतात. लोक त्याला गंज समजतात, पण ते बहुधा स्पीडोमीटरच्या केबलचं ग्रीस असतं. केबलला सढळ हाताने ग्रीस लावलं, की फिरणारी आतली तार ते हळूहळू वर चढवते आणि मीटरच्या डोक्यात सोडते. तिथून ते तबकडीवर पसरतं, काटा फिरवणाऱ्या, चुंबकाभोवतीच्या कपात शिरलं तर काटाही भलतंच दाखवू लागतो. ग्रीस केबलच्या खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावावं, मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवावी. रंगात मुरलेला डाग निघत नाही. तो काढायच्या नादात आकडे जातात, म्हणून डाग राहू द्यावा.

मंद चमक आणि तिचं माप

मीटरची तबकडी मॅट ठेवण्याचं कारण साधं आहे. ऊन काचेतून तबकडीवर पडतं, रात्री आतला दिवा तिरका पडतो, आणि रंग चमकदार असेल तर आकडे वाचता येत नाहीत. पण हा मॅट पाटीच्या फळ्यासारखा कोरडाही नसतो. त्यात अंड्याच्या कवचाची असते तशी पुसट झाक असते. गाडी आणि साल बदललं की ही झाकही थोडी बदलते, म्हणून फोटो पाहून ठरवू नये. कडीखालची पट्टी पाहावी.

चमक मोजायला ग्लॉस मीटर असतो. ६० अंशांच्या कोनात १० च्या खाली आकडा आला तर पृष्ठभाग मॅट मानतात. स्प्रे कॅनवर "सॅटिन ब्लॅक" लिहिलेला रंग याच्या बराच वर जातो. उपकरण नसेल तर टॉर्च तिरकी धरावी. तबकडीत दिव्याचा गोल रेखीव दिसला तर रंग जास्त चमकतोय, नुसता फिकट ढग दिसला तर बेत जमला.

काळा हाच एक रंग असतो असंही नाही. पोर्शे ३५६ च्या मीटरवर काळ्यावर हिरवे आकडे आहेत आणि ते पांढरे करून टाकलेले नमुने पाहायला मिळतात. ब्रिटिश मीटरचे पांढरे आकडेही आज पांढरे उरलेले नसतात, शाई पिवळसर होऊन हस्तिदंतासारखी झालेली असते. चारांपैकी एकच मीटर नव्या शुभ्र आकड्यांचा केला तर उरलेले तीन मळके दिसतात. आमचं मत स्पष्ट आहे: एकतर सगळे करा किंवा एकालाही हात लावू नका.

रंगवायचंच असेल तर

आकडे अर्ध्याहून जास्त गेले असतील किंवा पत्र्याला गंज चढून रंग फुगला असेल, तर दुसरा इलाज नाही. मग आधी तबकडी सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करावी, शेजारी पोलादी फूटपट्टी ठेवून. स्कॅनर कधी कधी एका दिशेला किंचित ताणतो, ते फूटपट्टीवरून कळतं. आकड्यांचा टाइप तयार फाँटमध्ये शोधू नये, तसाच सापडत नाही. स्कॅनवरून एकेक आकडा गिरवावा.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर साधा प्रायमर धरत नाही, धातूला किंचित खाऊन पकड घेणाऱ्या एच (etch) प्रायमरचा एक पातळ हात लागतो. त्यावर एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज काळ्याचे दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड थर दिला तर किलोमीटरच्या आकड्यांच्या खिडकीची धार गोल होते आणि काट्याचा मध्य तबकडीला घासू शकतो. मग आठवडाभर वाट पाहायची. वरून कोरडा वाटणारा रंग आतून मऊ असतो आणि छपाईच्या शाईतलं द्रावण त्याला खातं. आकड्यांच्या कडा मग फुटल्यासारख्या दिसतात.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. एनसीतलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतलं पाणी तिथे जमतं. काळ्यावर पांढुरकं धुकं चढतं ते हेच. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं थिनर टाकून काही प्रमाणात सुटका होते, पण डिसेंबर-जानेवारीतला कोरडा दिवस त्याहून स्वस्त आणि खात्रीचा.

आकडे छापायला परदेशी कारागीर शोधायची गरज नाही. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं हाताने छापणारा स्क्रीन प्रिंटर हे करू शकतो. त्याला इतकंच सांगायचं, की जाळी सेंटीमीटरला १२० धाग्यांची किंवा त्याहून बारीक हवी. पत्रिकेला चालणारी मोकळी जाळी इथे चालत नाही, ताशी एकेक मैलाच्या रेघा जाड होतात. तबकडीच्या दोन स्क्रूंच्या भोकांत पिना बसतील अशी लाकडी पाटी करून घेतली, की पांढरा आणि लाल हे दोन्ही रंग एकाच जागी पडतात. शाई थेट डब्यातली पांढरी वापरू नये, तिच्यात पिवळ्याचा आणि तपकिरीचा कण मिसळून शेजारच्या मीटरशी उन्हात जुळवून घ्यावी.

विनाइलवर छापलेले तयार स्टिकर बाजारात मिळतात. दिव्याच्या उष्णतेने त्यांची कड उचलते आणि काटा तिला अडतो. शिवाय दहापट भिंगाखाली ते लगेच ओळखू येतात: डिजिटल छपाईत ठिपके दिसतात, स्क्रीन छपाईत सलग रंग आणि त्याची किंचित जाडी. जुनी गाडी विकत घेताना हे भिंग खिशात असावं.

मैल, किलोमीटर आणि तळाचा आकडा

तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कोड असतो आणि शेजारी १०००, १२८० असा एखादा आकडा. केबल एका मैलात किती फेरे घेते तो हा आकडा. तो गाडीच्या गिअरबॉक्सशी, मागच्या धुरीच्या गुणोत्तराशी आणि टायरच्या मापाशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीची देखणी तबकडी आपल्या यंत्रावर लावली तर मीटर दिसतो सुंदर आणि वेग सांगतो खोटा.

तपासणी सोपी आहे. केबलचे मिनिटाचे फेरे गुणिले ६०, भागिले तळाचा आकडा, म्हणजे ताशी मैल. १००० च्या मीटरला मिनिटाला १००० फेरे दिले तर काटा बरोबर ६० वर हवा. चौकोनी टोकाची दांडी घेऊन ड्रिलने फिरवता येतं, पण आधी हाताने फिरवून काटा कुठल्या दिशेला उठतो ते पाहावं.

भारतात १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत मैलांचे आणि किलोमीटरचे, दोन्ही मीटर आढळतात आणि दोन्ही खरे असू शकतात. गडबड होते ती नुसती तबकडी बदलून मैलाचे किलोमीटर केले की. काटा ६० मैलांच्या जागी ९७ दाखवेल, तो भाग जमतो. पण एकूण अंतर मोजणारी चाकं आतल्या दातेरी गिअरवर चालतात, ती मैलच मोजत राहतात. तबकडीवर किलोमीटर लिहिलेलं आणि शंभर किलोमीटर चालून आकडा ६२ ने वाढलेला, असा मीटर दिसला तर तबकडी मागाहून बदललेली आहे.

काटा

काटा मधल्या बारीक दांडीवर दाबून बसवलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला की दांडी वाकते आणि तबकडीवर कायमची खूण उमटते. तबकडीवर जाड कागद ठेवून दोन चमच्यांची टोकं समोरासमोरून काट्याच्या मध्याखाली सरकवावीत आणि दोन्ही एकदम दाबावीत.

त्याआधीची एक पायरी बहुतेक जण विसरतात. शून्याजवळच्या खुंटीवर काटा टेकलेला असतो तेव्हा आतली केसासारखी स्प्रिंग थोडी ताणलेली असते. काटा अलगद खुंटीवरून उचलून पलीकडे सोडायचा, तो जिथे आपणहून थांबेल तिथे तबकडीबाहेर चिकटपट्टीवर खूण करायची. परत बसवताना काटा त्या खुणेवर बसवून मग खुंटीच्या अलीकडे आणायचा. खूण न करता थेट शून्यावर बसवला तर मीटर सगळ्या वेगांना चुकतो.

काट्याला रंग देताना एकच पातळ हात. काटा शेपटीच्या वजनाने तोललेला असतो. टोकावर रंगाचा जाड थेंब राहिला तर तोल जातो आणि काटा डुगडुगतो. १९७० च्या सुमाराचे नारिंगी काटे उन्हाने पिवळट-पांढरे पडतात. ते मुळात पांढरेच होते असं समजून रंगवू नयेत, शेपटीच्या खालच्या बाजूला मूळ नारिंगी बहुधा टिकून असतो.

कडी आणि डब्याचं आतलं अंग

कडी दोन तऱ्हेने बसवलेली असते. काहींना आतून दात असतात, ते डब्याच्या कडेवरच्या खाचांसमोर येईपर्यंत कडी फिरवायची. रबराची चकती सुकून चिकटलेली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करावी, गंजतेलाचे दोन थेंब, मग दोन्ही हातांनी फिरवावी. पक्कड लावली की कडी लंबगोल होते. दुसऱ्या तऱ्हेत कडी मागून वळवून दाबलेली असते. ती सगळीकडून थोडी थोडी उचलत चार-पाच फेऱ्यांत उघडायची. पितळ हे सहन करतं, पोलाद दुसऱ्या वेळेला तडकतं.

मुलाम्याबाबत एक कालक्रम लक्षात ठेवावा. क्रोमचा मुलामा मोटारींवर १९२० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याआधी निकेल होतं, किंचित पिवळसर, ऊबदार झाकेचं. १९२४ च्या गाडीवर निळसर चकाकणाऱ्या क्रोमच्या कड्या दिसल्या की काम नंतरचं आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुलामावाल्याला स्पष्ट सांगावं की निकेलवर थांबा, कारण सवयीने तो पुढचं क्रोम चढवतोच. बफिंगही बेताचं करायला सांगावं, जुन्या कडीचे दात झिजले की ती पुन्हा बसत नाही.

डब्याच्या आत पांढरा रंग असतो, दिव्याचा उजेड तबकडीभर पसरावा म्हणून. तो पिवळा-काळा पडला की रात्री मीटर मंद दिसतो आणि लोक मोठा दिवा लावतात. मूळ दिवा १२ व्होल्ट, २.२ वॉटचा. ५ वॉटच्या दिव्याने रंग करपतो आणि काही मीटरमध्ये डब्याच्या खिडक्यांवर असतात ते हिरवे किंवा निळे पारदर्शक तुकडे वितळतात. तो हिरवट उजेड हाही मूळ फिनिशचाच भाग आहे. दिवा बदलण्याऐवजी आतून मॅट पांढरा रंग द्यावा. एलईडी लावायचा असेल तर दोन गोष्टी: त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, तिथे नेहमीचा एलईडी उलटा पडतो आणि पेटत नाही, आणि डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारं बटण त्याच्यावर नीट चालत नाही.

ब्रिटिश मीटरमधले बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) पद्धतीच्या आट्यांचे असतात. ६ बीएचा व्यास २.८ मिलिमीटर, आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. बाजारातला ३ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू पिळून बसवला की आटे गेलेच.

चंदेरी तबकड्या

पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या आणि १९२० च्या दशकातल्या अनेक मीटरची तबकडी काळी नसून चंदेरी असते. पितळेवर आकडे कोरलेले, त्यांत काळी लाख भरलेली आणि वर चांदीचा अतिशय पातळ थर. भांडी लखलखीत करणारी पीतांबरी पूजेच्या समईला उत्तम, पण इथे लावली तर दोन मिनिटांत खालचं पितळ उघडं पडतं.

थर नव्याने द्यायचा तर वीज लागत नाही. आकड्यांत लाख भरून, ओल्या पॉलिशपेपरने ४०० वरून ६०० वर येत पितळ सपाट करायचं. शेवटच्या रेघांची दिशा मूळ असेल तशीच ठेवायची, गोल किंवा सरळ. मग एक भाग सिल्व्हर क्लोराईड, दोन-तीन भाग साधं मीठ आणि तितकंच क्रीम ऑफ टार्टर यांची ओली लापशी सुती फडक्याने घासायची. पितळ बघता बघता करडं-चंदेरी होतं. धुऊन नुसत्या क्रीम ऑफ टार्टरने पुन्हा घासलं की करडेपणा जातो. हातमोजे घालावेत, आणि सिल्व्हर क्लोराईड उजेडात काळवंडतं म्हणून गडद बाटलीत ठेवावं.

चूक होते ती धुण्यात. मिठाचा अंश राहिला तर काही महिन्यांत लॅकरखाली हिरवे ठिपके उगवतात. वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावं, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, लगेच कोरडं करून त्याच दिवशी पारदर्शक लॅकर. मध्ये बोटाचा ठसा उमटला तर तो लॅकरखाली कायमचा राहतो.

रेडियम, खरं आणि खोटं

आपल्याकडे नंबरप्लेटचे, हेल्मेटचे चमकणारे स्टिकर म्हणजे "रेडियम". त्यात रेडियमचा अंशही नसतो. पण जुन्या मीटरमध्ये खरं, किरणोत्सारी रेडियम सापडतं, मुख्यतः विमानांच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या आणि जुन्या मोटारींतल्या काही घड्याळांच्या तबकड्यांवर. आकडे आणि काटा जाडसर, तपकिरी-पिवळ्या रंगाने भरलेले दिसले तर शंका घ्यावी.

ते आता अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. चमकणारं झिंक सल्फाइड कधीच थकलेलं असतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे ऐंशी वर्षांत ते जवळपास होतं तेवढंच राहिलंय. काच बंद असताना धोका कमी. खरा धोका आहे तो सुटलेली भुकटी श्वासात किंवा पोटात जाण्याचा. असा मीटर उघडू नये, घासू नये, ब्रशनेही झाडू नये. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरने तपासून घ्यावा आणि काच फुटलेली असेल तर आहे तसा जाड पिशवीत बंद करावा.

परत बसवताना

जुनी रबराची चकती पुन्हा वापरू नये. तिच्यातूनच दमट हवा आत जाते आणि काचेवर आतून धुकं धरतं. काच आतून डिस्टिल्ड वॉटरने पुसून पूर्ण वाळू द्यावी, काचेखालच्या काळ्या कडीचा रंगही मॅटच हवा, नाहीतर ती काचेत आरशासारखी उमटते. कोरड्या दिवशी मीटर बंद करावा.

बदललेली जुनी तबकडी फेकू नये, कागदात गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेची नोंदणी सुरू केली, तिच्यातली मूळ रूपाची अट चासी, बॉडी आणि इंजिनाभोवती फिरते. मीटरचा काळा कितपत काळा आहे हे आरटीओ तपासणार नाही. पुढचा मालक मात्र भिंग घेऊन येईल, आणि त्याला दाखवायला कडीखालच्या पट्टीचा तो पहिला फोटो आणि ही जुनी तबकडी, दोन्ही हाताशी हवीत.